जव्हार-मोखाड्याचे कागद आणि कोड एडिटरांतील शोध

जव्हार व मोखाडा या भागांतील जे मोडी कागद गेल्या कांहीं वर्षांत आमच्या हातीं आले, त्यांच्या बाळबोध नकला आम्हीं संगणकावर उतरून ठेविल्या आहेत. या नकलांवर काम करितांना जें साधन आम्हीं वापरलें तें मूळचें इतिहाससंशोधनाचें नव्हे. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीं तें निर्माण झालें असून त्यास कोड एडिटर म्हणतात. त्याच्या साह्यानें महिन्याचें काम दोन दिवसांत उरकतें, हा आमचा अनुभव. आणि त्याच साधनानें एका दुपारीं आम्हीं स्वतःच्या हातांनीं चांगला पाठ बिघडविला, हाही आमचाच अनुभव. दोन्ही अभ्यासकांपुढें ठेवावे या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. एडिटर या शब्दास संपादक हा प्रतिशब्द सहज सुचतो, परंतु तो वापरला असतां ग्रंथाचा संपादक कोणता व यंत्र कोणतें याचा घोटाळा होतो. यास्तव परकी शब्दच ठेविला आहे.

प्रथम कागदांविषयीं थोडेंसें. आज जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्यांतील शेजारचे दोन तालुके आहेत. हा जिल्हा ठाणें जिल्ह्यापासून १ ऑगस्ट २०१४ रोजीं वेगळा झाला. डोंगर एक, लोक बहुतांशीं एक, पण दोहोंचीं दप्तरें मात्र एक नव्हतीं. जव्हार हें मुकणे घराण्याचें कोळी संस्थान. नेमशहास दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपद मिळालें तो ५ जून १३४३ हा दिवस धरून संस्थानानें आपली स्वतंत्र कालगणनाही चालविली, आणि १९४८ मध्यें तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. मोखाडा हा इंग्रजी अमलांत ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याखालचा पेटा होता, व १८८२ च्या ठाणें ग्याझेटियरांत तो त्याच नात्यानें आला आहे. म्हणजे घाटाच्या एका अंगाचे कागद संस्थानी दप्तरांत, दुसऱ्या अंगाचे कलेक्टराच्या कचेरींत. त्याहून मागें जावें तर पुण्याच्या पेशवे दप्तराखेरीज गति नाहीं. आणि मोरोपंत पिंगळ्यांनीं १६७२ च्या जूनमध्यें जव्हार घेतलें त्या काळचा उल्लेख पाहावयाचा तर बखरी, शकावल्या व इंग्रजांच्या वखारींचीं पत्रें चाळावीं लागतात. इतक्या ठिकाणच्या लेखकांनीं एकच गांव एकाच तऱ्हेनें लिहिलें असेल अशी अपेक्षा कोणीही करणार नाहीं. जव्हार, जवार, जोहार अशीं एकाच स्थळाचीं रूपें समोर येतात, आणि शोधाचें खरें दुखणें तेथेंच आहे.

आतां साधनाविषयीं. पत्रें व निमंत्रणें लिहिण्याच्या नेहमींच्या प्रोग्रामांत अक्षरांबरोबर त्यांचा ठसा, रंग, समास इत्यादि पुष्कळ गोष्टी सांठविल्या जातात. कोड एडिटर यांतलें कांहीं सांठवीत नाहीं. तो केवळ अक्षरें जाणतो. यामुळें कित्येक शें फाईलींचा ढीग तो क्षणांत चाळूं शकतो. व्हिम, ईमॅक्स, नोटपॅड प्लस प्लस असे पुष्कळ एडिटर आहेत. आम्ही मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरितों, व पुढें ज्या कळा सांगितल्या आहेत त्या त्याच्या, विंडोज अगर लिनक्स असलेल्या यंत्रावरच्या आहेत. अन्य एडिटरांत कळा निराळ्या असल्या तरी सोयी बहुतेक त्याच सांपडतील.

नकला कशा उतरल्या यावर पुढचें सर्व अवलंबून असतें. आम्ही एका कागदास एक फाईल देतों आणि मूळ कागदाची एक ओळ ती फाईलींतली एक ओळ, हा नियम मोडीत नाहीं. यामुळें कोणी 'ओळ १४ पाहा' म्हटलें कीं कंट्रोल व जी या कळा दाबून १४ हा आंकडा दिला म्हणजे झालें. छायाचित्रांतलीही तीच ओळ मोजून काढतां येते. फाईलीचें नांव इसवी सनाचें वर्ष, महिना, दिवस या क्रमानें आरंभून पुढें स्थळ लिहितों, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमें लागते. कंट्रोल व पी दाबून '१७८० खोडाळा' एवढेंच लिहिलें तरी त्या वर्षाची खोडाळ्याची फाईल पुढें येते. कपाटांतून रुमाल काढून सोडण्याचें कारण राहात नाहीं. ज्या मोठ्या फाईलींत अनेक यादी एकाखालीं एक आहेत, तेथें प्रत्येक यादीवर चौकटीची खूण (#) देऊन मथळा लिहावा व फाईल मार्कडाउन या प्रकारची ठेवावी. मग कंट्रोल, शिफ्ट व ओ या तीन कळांनीं सर्व मथळ्यांची अनुक्रमणिका उभी राहते. एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी घेतल्यावर परत पहिल्या जागीं यावयाचें असल्यास विंडोजवर आल्ट व डावा बाण या कळा आहेत. ही शेवटची सोय क्षुल्लक वाटते; पण चार कागद ताडून पाहाणारास कोणत्या ओळीवरून निघालों याचा विसर पडणें किती त्रासाचें असतें, तें ज्यानें केलें त्यासच ठाऊक.

आतां त्या दुपारची हकीकत. एकंदर नकलांचा कोश करावा असें आम्हीं योजिलें होतें, व त्याकरितां स्थळनामें एकरूप करण्याची बुद्धि झाली. एडिटरांत कंट्रोल, शिफ्ट व एच दाबलें म्हणजे संपूर्ण फोल्डरांतील एक शब्द काढून दुसरा घालतां येतो. आम्हीं 'जवार' काढून 'जव्हार' घालण्याची आज्ञा दिली, एक बटण दाबलें, सर्व फाईली सांठविल्या व समाधानानें चहास उठलों. पुढें कांहीं महिन्यांनीं एक तरुण स्नेही आपला निबंध घेऊन आले. मोखाडा पेट्यांतील धान्याच्या याद्यांत त्यांस 'जव्हारी कैली दोन मण' अशीं कलमें आढळलीं होतीं. कैली मापें ठिकठिकाणीं निरनिराळीं असत हें प्रसिद्धच आहे. तेव्हां इंग्रजी मुलुखाच्या मोखाड्यांत जव्हार संस्थानचें माप चालत होतें, यावरून दोहोंचा बाजार एक होता, असा सिद्धान्त त्यांनीं मोठ्या मेहनतीनें उभा केला होता. सिद्धान्त सुबक होता. मुलूख नागली, वरी व भाताचा, तेव्हां त्या जागीं जोंधळ्याची शंका येण्याचेंही कारण नव्हतें. परंतु मुळांत शब्द होता 'जवारी', म्हणजे जोंधळा. बाहेरून आलेल्या दोन मण जोंधळ्याचें आम्हीं एका बटणानें संस्थानचें माप करून टाकलें होतें.

छायाचित्रें पाहून दुरुस्ती केली असती. पण तीं सर्व कागदांचीं नव्हतीं. ज्यांच्या घरचे ते कागद, त्यांस ते आम्हीं परत पोंचविले होते, आणि मधल्या एका पावसाळ्यांत घराचें छप्पर गळून पेटींतले कांहीं रुमाल लगद्यासारखे झाले. जव्हारचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. बदललेल्या कलमांपैकीं सोळा ठिकाणें संशयाचीं ठरलीं. नवांची छायाचित्रें सांपडलीं, सातांचीं नाहींत.

येथें कोणी म्हणेल कीं 'जवारी' वगळून बाकीचें बदलावयाचें होतें. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. पण त्यानेंही भागत नाहीं. जुन्या मराठींत 'जवारीं' म्हणजे 'जव्हार येथें' असा सप्तमीचा अर्थ होतो, आणि मोडी लिहिणारे अनुस्वार बहुधा देतच नाहींत. तेव्हां कागदावर दिसणारें 'जवारी' हें अक्षरशः एकच रूप एका ओळींत धान्य असेल, तर दुसऱ्या ओळींत गांव. यंत्रास ओळीचा अर्थ कळत नाहीं. तें ठरविणें वाचणाराचेंच काम, व तें एकेका ठिकाणीं थांबूनच करावें लागतें.

या प्रसंगानंतर आम्हीं पद्धति उलटी केली. नकलेंतला पाठ जसा लेखकानें लिहिला तसाच ठेवावयाचा, आणि रूपांची विविधता काय ती शोधणाऱ्या आज्ञेंत आणावयाची. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड छापण्यास आरंभ केल्यापासून अस्सल कागद जसाचा तसा छापावा हा दंडक मराठी संशोधनांत मान्य आहे. यंत्र हातीं येतांच आम्ही तो विसरलों, एवढाच याचा अर्थ.

विविधता आज्ञेंत आणण्याची जी युक्ति आहे तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात; आम्ही तीस 'सांचा' म्हणूं. तिचें बीज क्लीनी या अमेरिकन गणितज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत घातलें आणि केन थॉम्पसन यानें १९६८ मध्यें ती मजकूर शोधण्याच्या कामीं लाविली. शोधाच्या चौकटींत तारा व टिंब असें चिन्ह असलेलें बटण दाबलें म्हणजे सांचे लागूं होतात. चौकोनी कंसांत लिहिलेल्या अक्षरांपैकीं कोणतेंही एक चालेल, असा एक नियम. कंसापुढें प्रश्नचिन्ह दिलें तर कंसांतलें असो वा नसो, असा दुसरा. उभ्या रेघेनें तोडलेल्या पर्यायांपैकीं कोणताही एक, असा तिसरा. एवढ्या तिहींवर आमचें बहुतेक काम चालतें. उदाहरणार्थ,

ज(व(्ह)?|ोह)ार

हा सांचा दिला असतां जव्हार, जवार व जोहार हीं तिन्ही रूपें, प्रत्ययांसकट, एका यादींत येतात. छपाईंत अशा सांच्यांतील सुट्या कान्यामात्रांभोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ दिसतें, त्यानें गोंधळूं नये. संगणकाच्या दृष्टीनें काना, वेलांटी व हलन्ताची खूण हीं स्वतंत्र अक्षरेंच आहेत. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे मराठींतले पुष्कळ शोध कां फसतात तेंही कळतें. 'मोखाडा' असें शोधणारास 'मोखाड्यास' किंवा 'मोखाड्याचे' कधींच सांपडणार नाहीं. कारण तेथें ड पुढें काना नसून हलन्त व य आहे. यास्तव मूळ अंगापाशींच थांबावें, आणि जुने लेखक ख च्या जागीं ष लिहीत तेंही धरावें: मो[खष]ाड. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसल्यामुळें नक्कल करणारा प्रत्येकजण आपल्या मतीप्रमाणें वेलांटी व उकार देतो. तेथें [िी] आणि [ुू] हे दोन कंस नेहमीं हाताशीं असावे. शहापूर शोधावयाचें तर [शस]हाप[ुू]र.

सैल सांच्यानें नको तेंही जाळ्यांत येतें, हें खरें. या डोंगरांतल्या वस्त्यांस पाडे म्हणतात, म्हणून 'पाडा' शोधावें तर लढायांच्या पत्रांतले 'पाडाव केले' पुढें येतात, आणि गुरांच्या यादींतला पाडाही येतो. पण नको तें डोळ्यांनीं वगळणें सोपें असतें. जें सांपडलेंच नाहीं, त्याची चुकचूक कोणास लागणार?

उलटपक्षीं कालनिर्देशाच्या कामीं सांचा घट्ट पाहिजे. मराठी कागदांवर शुहूर सन अरबी संख्याशब्दांत असतो. त्यांत समान म्हणजे आठ, समानीन म्हणजे ऐशीं. सलास तीन, सलासीन तीस. अशर दहा, अशरीन वीस. लहान शब्द मोठ्या शब्दाच्या पोटांत असल्यामुळें नुसता 'समान' शोधला कीं ऐशींचीं वर्षेंही त्यांत मिसळतात. समान मया व अलफ हा ११०८, म्हणजे इ. स. १७०७-०८; समानीन मया व अलफ हा ११८०, म्हणजे १७७९-८०. एका अक्षरसमूहावर बहात्तर वर्षांचें अंतर! पहिल्या वर्षीं तर बाळाजी विश्वनाथांस पेशवेपदही मिळालें नव्हतें. तें १७१३ मध्यें मिळालें. अशा वेळीं शोधाच्या चौकटींतलें 'पूर्ण शब्द' हें बटण दाबावें. स्थळनामांस मात्र तें लावूं नये, कारण मराठींत प्रत्यय शब्दास चिकटून येतात व 'जव्हारास' हा त्या बटणाच्या हिशेबीं निराळाच शब्द ठरतो. कांहीं संगणकी पुस्तकांत शब्दाची सीमा दाखविण्यास उलटी तिरकी रेघ व इंग्रजी बी हें अक्षर लिहावें असें सांगितलेलें असतें. या एडिटरांत एका फाईलींत शोधतांना ती खूण देवनागरी अक्षरांस अक्षरें समजत नाहीं, व संपूर्ण फोल्डरांत शोधतांना समजते. तेव्हां तिच्या नादीं न लागावें हें उत्तम.

शतकाच्या उत्तरार्धांतील कागद एकदम काढावयाचे असल्यास आम्ही हा सांचा देतों:

(इहिदे|इसन्ने|सलास|अर्बा|खमस|सीत|सबा|समान|तिसा) (सितैन|सबैन|समानीन|तिसैन) मया

यांत ११६१ ते ११९९, म्हणजे १७६० च्या मृगापासून १७९९ च्या मृगापर्यंतचीं वर्षें सांपडतात. पूर्ण दशकाचीं, म्हणजे ११७०, ११८० व ११९० हीं तेवढीं निराळीं शोधावीं. चांद्र तारखांकरितां 'छ [०-९]' पुरेसें आहे. मात्र नक्कल करणारानें आंकडे देवनागरींतच लिहिले असले पाहिजेत. कोणी इंग्रजी आंकडे दाबले असतील तर ती तारीख या सांच्यास दिसणार नाहीं. इसवी सन काढण्यास शुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळवावे हें सर्वश्रुत आहे. बारकाईसाठीं जंत्री पाहावी; तें काम एडिटराचें नव्हे.

एका अडचणीनें आम्हांस फार दिवस चकविलें. 'शेतकऱ्यांस', 'दुसऱ्या' यांतील अर्धा र पडद्यावर सारखाच दिसला तरी आंत दोन प्रकारांनीं लिहिलेला असूं शकतो: एकांत नुक्त्याचा ऱ व हलन्त असतो, दुसऱ्यांत साधा र, हलन्त आणि त्यापुढें न दिसणारें एक जोडचिन्ह. आमच्या दोन लेखकांचे कळफलक निराळे होते, आणि एकाच्या नकलांतले 'शेतकऱ्यांस' दुसऱ्याच्या शोधांत येत नव्हते. सांच्यांत टिंब म्हणजे कोणतेंही एक अक्षर, त्याचा आधार घेऊन (ऱ्|र्.)य असें लिहिलें म्हणजे दोन्ही प्रकार सांपडतात. विसर्ग आणि अपूर्णविरामाचीं दोन टिंबें यांचाही असाच घोटाळा होतो. मोडी लिपीस २०१४ मध्यें युनिकोडांत स्वतंत्र जागा मिळाली आहे. तथापि बाळबोध नकला वाचणारे अधिक, म्हणून आम्ही तूर्त देवनागरींतच लिहितों.

शेवटीं बदल करण्याविषयीं. कारण कांहीं दुरुस्त्या खरोखरच कराव्या लागतात, जसें टंकलेखकाची चूक किंवा एकाच ओळीचें दोनदां उतरणें. तेथें आम्ही 'सर्व बदला' हें बटण वापरीत नाहीं. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल व डी दाबलें कीं तो शब्द निवडला जातो. पुनः दाबलें कीं तोच शब्द पुढें जेथें आहे तेथेंही दुसरा कर्सर उभा राहतो. नको असलेलें ठिकाण आलें तर कंट्रोल व के, मग कंट्रोल व डी दाबून तें ओलांडतां येतें. अशीं हवीं तीं दहापांच ठिकाणें वेंचून एकदांच लिहिलें म्हणजे सर्वत्र सारखी दुरुस्ती होते, आणि प्रत्येक ठिकाण नजरेखालून गेलेलें असतें. गांववार वसुलाच्या तक्त्यांत शिफ्ट व आल्ट दाबून माऊस ओढल्यास उभा स्तंभच्या स्तंभ निवडतां येतो. रुपये, आणे व पै यांचे रकाने वेगळे करण्यास यासारखें दुसरें साधन नाहीं.

त्याआधीं मात्र फोल्डराची त्या घडीची स्थिति गिट या प्रोग्रामांत नोंदवून ठेवावी. लायनस टॉर्व्हाल्ड्स यानें तो २००५ मध्यें संगणकी कामाकरितां रचला. बदलानंतर जुनी व नवी फाईल शेजारीं शेजारीं ठेवून फरक रंगानें दाखविण्याची सोय एडिटरांत आहे, आणि तो फरक ओळीओळीनें वाचल्याखेरीज आम्ही आतां कोणतीही दुरुस्ती कायम करीत नाहीं. त्या दुपारीं ही नोंद असती, तर सर्व सोळा कलमें घटकेंत पूर्ववत् झालीं असतीं.

त्यांपैकीं नऊ कलमें छायाचित्रांवरून मुळाप्रमाणें केलीं आहेत. उरलेल्या सातांत चौकोनी कंसांत 'जवारी?' असें लिहून त्यापुढें आमच्या बदलाची तारीख दिली आहे. निबंध लिहिणाऱ्या स्नेह्यांनीं आपला सिद्धान्त स्वतःच मागें घेतला, व ते आतां त्याच याद्यांतून मोखाड्यांत जोंधळा कोणत्या वाटेनें येत असे याचा शोध घेत आहेत. मोखाडा पेट्याच्या धान्यविषयक याद्यांची दुसरी नक्कल अगर छायाचित्रें कोणापाशीं असल्यास तीं आम्हांस दाखवावीं. सात ओळी ताडून पाहावयाच्या आहेत.